खिशातली चिठ्ठी : यावल-रावेर पट्ट्यातल्या एका कलावर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. गावाचं नाव देत नाही. मुलांचे आणि घरांचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. कलाशिक्षकांच्या एका छोट्या अभ्यासगटातर्फे मी या वर्गात बसत होतो, त्यामुळे बराचसा भाग डोळ्यांदेखत घडलेला आहे. उरलेला कलाशिक्षिकेच्या टिपणवहीतून घेतला आहे.

वर्ग आठवीचा, पट चाळिशीच्या पुढे. लेवा पाटीदार, मराठा आणि गुजर शेतकऱ्यांची मुलं, कोळी, बौद्ध, तडवी, आणि वरच्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेली काही पावरा आदिवासी मुलं. घरी कुणाची लेवा गणबोली, कुणाची तावडी, कुणाची पावरी. शाळेत सगळ्यांची पुस्तकी मराठी. मॅडम धुळे जिल्ह्यातल्या, अहिराणी घरच्या. खानदेशातल्याच, पण या पट्ट्यात तशा पाहुण्याच.

चित्रकलेच्या तासिका आठवड्याला दोन, त्यातली एक इतर विषयांच्या 'उरलेल्या पोर्शन'ला जाते. उरते ती शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीला. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. पालक चित्रकलेचं महत्त्व याच तीन आकड्यांत मोजतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. या तयारीमुळे मुलांचा हात तयार होतो, हे खरं. पण स्मरणचित्रासाठी पाठ केलेली माणसं मग सगळीकडे फिरतात. जत्रेतला फुगेवाला आणि पावसातला शेतकरी एकाच चेहऱ्याचे. वर्गाच्या उत्तरेच्या खिडकीतून सातपुडा लांबच लांब, सपाट माथ्याचा दिसतो. त्या खिडकीशेजारी बसलेला मुलगाही डोंगर काढायचा तर दोन त्रिकोण काढून मधे सूर्य ठेवतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी २६ जानेवारीसाठी चित्रप्रदर्शन लावायला सांगितलं. विषय त्यांनीच दिला : 'माझी ओळख'.

अडचण

पहिल्या तासिकेला मॅडमनी फळ्यावर 'मी कोण?' असं लिहिलं आणि कागद वाटले. तास संपेपर्यंत वर्गाची फाळणी झाली होती.

भगवे झेंडे आले, निळे आले, हिरवे आले. महापुरुष आले, ज्याचे त्याचे. दुचाकीच्या नंबरप्लेटवर लिहितात तशा वळणाच्या अक्षरांत जातीची नावं आली. पावरा मुलांनी तीरकमान काढलं आणि त्याभोवती वारलीची त्रिकोणी माणसं नाचवली. वारली ही पालघर-ठाणे-नाशिककडची चित्रपरंपरा, पण पाठ्यपुस्तकात 'आदिवासी चित्र' म्हणून तीच भेटते, तर पोरं तीच काढणार. निम्म्या मुलींनी नऊवारी, नथ, चंद्रकोर. त्यांच्यातल्या एकीच्याही घरी नऊवारी नेसत नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांनी केळीचा घड काढला, तोही पेटीवर छापलेला असतो तसा पिवळाधम्मक. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तो घड या भागात पाट्यापाट्यांवर दिसतो. चित्रांत घड होता, घड कापणारा हात नव्हता.

मागच्या बाकावरच्या तडवी मुलाचा कागद मात्र कोरा होता. तडवी हे भिल्लांपैकीच, धर्माने मुसलमान, आणि सरकारी यादीत अनुसूचित जमात. तो म्हणाला, "मॅडम, मले समजत नाही. चाँदतारा काढू का तीरकमान?" त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याला उत्तरं मिळत होती, एकमेकांच्या उलट.

मधल्या सुट्टीत कुणीतरी दुसऱ्याच्या चित्रावर पेनाने रेघोट्या मारल्या. कुणाच्या ते सांगण्यात हशील नाही. कुणाच्याही असू शकल्या असत्या. दुपारी दोन पालकांचे फोन आले.

माझ्या मते गोम प्रश्नातच होती. 'तू कोण?' असं तेरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, की तो गावाने त्याच्यासाठी तयार ठेवलेलं उत्तर देतो. त्याचा त्याच्याशी फारसा संबंध असतोच असं नाही.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात शिक्षकखोलीत चार सूचना आल्या.

मुख्याध्यापकांची सरळ होती : विषय बंद, पुन्हा वस्तुचित्र, प्रदर्शनाला फुलदाण्या लावा. भांडण टळतं, हा तिचा मोठा गुण. मराठीच्या सरांनी 'विविधतेत एकता' सुचवली. चार टोप्यांची चार मुलं हातात हात घालून, मागे तिरंगा. हे चित्र मुलं झोपेतही काढतात आणि काढताना एकमेकांना कोपरानं ढोसतात.

तिसरी सूचना इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाची : झालं ते वर्गात उघड बोला, जात हा शब्द उच्चारा, टाळाटाळ कशाला? ही मला पटत होती. मॅडमना नव्हती. त्यांचं म्हणणं टिपणवहीत आहे : मिश्र वर्गात जातीवर चर्चा काढली, की उदाहरण म्हणून ज्यांच्याकडे बघितलं जातं ती मुलं ठरलेली असतात. बाकीचे सहानुभूती दाखवतात, आणि त्या मुलांना नंतरचा आठवडा त्याच बाकांवर काढायचा असतो. हा युक्तिवाद मी आजही अर्धाच मानतो. न बोलण्याची किंमतही त्याच मुलांना मोजावी लागते, फक्त ती दिसत नाही.

चौथा पर्याय मॅडमचा स्वतःचा : विषय तोच, प्रश्न बदलायचा.

काय केलं

नवा प्रश्न असा : 'तुमच्या घरातली अशी एक वस्तू आणा, जिचं रूप कामामुळे बदललंय.' नवी नको, शोभेची नको, देवघरातली नको. झेंड्यांना बंदी वगैरे घातली नाही. प्रश्नातच त्यांना जागा उरली नाही. मुख्याध्यापकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की हे वस्तुचित्रच आहे, छायाप्रकाशाचा सराव होईल, पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला उपयोग. हेही खोटं नव्हतं.

वस्तू यायला वेळ लागला. आधी मुलं लाजली. मग एकीने विळा आणला, मुठीला चिंध्या गुंडाळून गुंडाळून मूळ मूठ दिसेनाशी झालेला. कुणी घमेलं, कुणी डोक्यावर घड वाहताना ठेवायची चुंबळ, कुणी ठिबकची उंदराने कुरतडलेली आणि वायरने बांधलेली नळी. पावरा मुलांपैकी एकाने वसतिगृहातली स्वतःची बादली आणली. घरची वस्तू आणायला घर लांब होतं. तडवी मुलाने आईची शिवणकामाची टेप आणली. ठरावीक मापांपाशी आकडे पुसून गेले होते, बाकी ठिकाणी कोरे करकरीत. 'ब्लाउजचीच मापं जास्त येतात,' हे त्याने सांगितलं आणि वर्ग हसला, तोही हसला. चाँदतारा की तीरकमान, हे त्याला त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

सधन शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांचा जुना मोबाइल आणला, काच तडकलेला. रोज त्यावर बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव येतो. भाव पडला की त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, असं तो म्हणाला. बागायतदाराच्या घरातली भीती वर्गात पहिल्यांदा बोलली गेली ती अशी.

आणि एका केळीकामगाराच्या मुलीने वडिलांचा शर्ट आणला.

ज्यांनी केळीची कापणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. ताजा असताना तो जवळजवळ पाण्यासारखा दिसतो, कपड्यावर पडल्याचं कळतही नाही. हवा लागली की तपकिरी होतो, वाळला की काळपट. मग साबण, सोडा, लिंबू, काही केल्या जात नाही. घड खांद्या-डोक्यावरून बांधाबाहेर गाडीपर्यंत न्यायचे असतात, म्हणून कामगाराच्या शर्टावर डाग ठरावीक जागीच पडतात, खांदा आणि छातीची एक बाजू. शर्ट बघून माणूस डावखुरा आहे का ते कळतं. हे मला त्या मुलीने सांगितलं.

शर्टावरूनच मॅडमना माध्यम सुचलं. कापणीनंतर बागेत खोडं पडलेलीच असतात. जुन्या सुती चादरींचे तुकडे केले, कडुनिंबाच्या काड्या चघळून त्यांचे कुंचले केले, आणि खोडाच्या ताज्या कापातून चीक वाटीत धरला. डोळ्यांना हात लावायचा नाही, एवढा नियम. गंमत अशी, की चिकाने काढताना काय काढलं ते नीटसं दिसत नाही. रेघ उमटते उशिरा, आणि खोडता येत नाही. खोडरबरावर वाढलेल्या मुलांना हे फार जड गेलं. पण रेघ टाकण्याआधी वस्तूकडे बघत बसायची सवय त्याने लागली, ती मॅडमना पाच वर्षं सांगून लावता आली नव्हती. पार्श्वभूमीला केळीच्या पानाच्या देठाचा आडवा काप ठसा म्हणून वापरला. त्यात आपोआप जाळीची नक्षी असते.

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला हे पसंत नव्हतं. घाणेरडे कपडे भिंतीला लावणार का, असा निरोप आला. तिथे मॅडमना या भागाचाच इतिहास कामी आला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. तिथल्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं होतं आणि त्यांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून ती उभी केली. फैजपूर यावल तालुक्यातलं. या भागात त्या अधिवेशनाचा अभिमान सगळ्यांनाच आहे. निरोपाला उत्तर म्हणून मॅडमनी हे एवढंच कळवलं आणि चादरी राहिल्या.

वर्गात त्यांनी भूरीबाईंची गोष्ट सांगितली. झाबुआकडच्या भिल्ल बाई, भोपाळला भारत भवन या कलासंकुलाच्या बांधकामावर मजुरीला आलेल्या. तिथले चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना तुमच्याकडे काढतात तसं काढा म्हणून कागद-रंग दिले. २०२१ मध्ये पद्मश्री. पावरा मुलं चित्रांपेक्षा विटा वाहण्याच्या भागावर जास्त थांबली.

प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी लावायची होती. त्या वस्तूबद्दल घरात जे बोललं जातं तेच, घरच्या बोलीत, दुरुस्त न करता. शर्टाखाली मुलीने लिहिलं : "चीक धुतल्यानं जात नाही, शर्ट फाटला की जाते." मराठीच्या सरांनी लाल पेन खिशातून काढलं होतं, ते परत ठेवलं.

प्रदर्शनाआधीचा आठवडा

या प्रकरणाचा खरा पेच इथे आहे.

मुलीने शर्ट पूर्ण आकाराचा काढला होता. खिशातून एक चिठ्ठी डोकावत होती, आणि तिच्यावर आकडे होते. टोळीच्या मुकादमाच्या हिशेबाची चिठ्ठी, खाली 'बाकी' आणि रक्कम. तिने मुद्दाम काढली नव्हती असं ती म्हणाली. शर्टाच्या खिशात होती, म्हणून काढली. वस्तू नीट बघा, असं तिला आम्हीच सांगितलं होतं.

बाकी कुणाकडे होती हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मोबाइल आणणाऱ्या मुलाच्या घरची बाग. तो चित्रापाशी उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बाकी म्हंजे किती दिवसांची?" मॅडम म्हणाल्या, "ते नंतर बघू, आधी तुझी कडा पूर्ण कर." दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांनी मुख्याध्यापकांना गाठलं. आवाज चढवला नाही. पोरांना राजकारण शिकवू नका, एवढंच.

मुख्याध्यापकांना चित्र काढून टाकायचं होतं. तरुण शिक्षकाला ते दारासमोरच लावायचं होतं. सगळ्याच चित्रांवरची नावं काढावीत असाही एक प्रस्ताव आला, पण एवढ्याशा गावात नाव काढून काय लपणार? मॅडमचा कल चित्र जसंच्या तसं ठेवण्याकडे होता. मुलीने खरं काढलंय, ते झाकायचं तर मग हा सगळा खटाटोप कशाला. मात्र त्यांनी निर्णय त्या खोलीत घेतला नाही. संध्याकाळी त्या वस्तीवर गेल्या.

वडील नुकतेच कामावरून आले होते. मोबाइलवरचा फोटो त्यांनी दोनदा मोठा करून पाहिला, डाग अगदी बरोबर जागी आहेत म्हणून हसले. मग म्हणाले, "चित्र चांगलं हाये मॅडम. राहू द्या. पन आकडे नका दाखवू. आकडे मी मागीन." मॅडमनी विचारलं, "भाऊ, भीती वाटते का?" त्यावर आई बोलली : "भीती नाही, पन हंगाम हाये ना."

हे ऐकल्यावर दारासमोर लावण्याची भाषा शिक्षकखोलीतही बंद झाली. परिणाम ज्याला भोगायचे त्याने आपली लढाई कशी लढायची ते ठरवलं होतं, आणि त्यात शाळेच्या भिंतीला स्थान नव्हतं.

पण चीक पुसता येत नाही. मॅडमनी मुलीपुढे तीन वाटा ठेवल्या : दुसरं चित्र काढ, हे घरी ने, किंवा तुला सुचेल ते कर. तिने जुन्या शर्टाच्या कापडाचा एक खिसा कापला आणि चित्रातल्या खिशावर, चिठ्ठीसकट, चारही बाजूंनी शिवून टाकला. धावदोऱ्याची शिलाई, जरा वेडीवाकडी.

निष्पत्ती

प्रदर्शन झेंडावंदनानंतर उघडलं आणि मॅडमनी हट्टाने संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं, कारण २६ जानेवारीलाही गाड्या भरतात. सकाळी बागायतदार पालक येऊन गेले, संध्याकाळी कामगार. दोन्ही गट एका वेळी खोलीत आलेच नाहीत. संध्याकाळी आलेल्यांपैकी बरेच जण शर्टापाशी थांबले. शिवलेला खिसा फुगलेला का आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. काका सकाळी येऊन गेले. शर्टाबद्दल काही बोलले नाहीत, टेप कुणाची आहे ते मात्र विचारलं.

एका घरून चित्र परत मागितलं गेलं : आईने कामाला जाताना काढून ठेवायच्या बांगड्यांचा डबा. रिकाम्या हाताची आठवण भिंतीवर नको, असं आजीचं म्हणणं. चित्र लगेच दिलं. बाकीची रक्कम पुढे होळीच्या हिशेबात मिळाली, दरवर्षी मिळते तशीच. तिचं श्रेय चित्राला देऊ नये. नंबरप्लेटवरची अक्षरं जिथल्या तिथे आहेत. बदल झाला तो तपशिलात. मुलं आता विळा काढताना मुठीपासून सुरुवात करतात. वसतिगृहातली पावरा मुलं मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत येऊन बसतात. शर्ट काढणारी आणि मोबाइल काढणारा, यांच्यात आधीही फारसं बोलणं नव्हतं, आताही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, त्या मुलाचा प्रश्न. "बाकी म्हंजे किती दिवसांची?" हा या सगळ्या उपक्रमातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न होता आणि तो एका मालकाच्या मुलाने विचारला होता. कडा पूर्ण कर म्हणून तो मिटवला गेला. मॅडमची अडचण समजते, मुलगी समोरच उभी होती. पण त्या घराचं नाव न घेता, कापणीची मजुरी कशी ठरते, भाव पडला की ती कुणाकुणाची थांबते, व्यापारी-मालक-मुकादम-मजूर अशी साखळी कशी चालते, हे गणिताच्या किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला आठवडाभरात घेता आलं असतं. मोबाइल आणि शर्ट ही एकाच साखळीची दोन टोकं होती. दोन्ही चित्रं एका भिंतीवर होती आणि तरी त्यांचा संबंध वर्गात जोडला गेला नाही. जातीबद्दल बोलणं टाळायचं तर निदान मजुरीबद्दल बोलायला हवं होतं.

दुसरं, वहीतलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र यांत फरक करायला हवा होता, तोही पहिल्याच दिवशी. काढायला मुभा सगळ्याला. लावायला मात्र मुलाची परवानगी, आणि घरातलं काही दिसत असेल तर घराचीही. इथे पालकांना विचारलं ते तक्रार आल्यानंतर. तक्रार आली नसती, तर चिठ्ठी आकड्यांसकट दारासमोर लागली असती आणि आम्ही तिला धाडस म्हटलं असतं.

तिसरी गोष्ट कुणाच्याच डोक्यात नव्हती. घरातली वस्तू आणा म्हटलं की घर उघडं पडतं. या वेळी मजुरीची बाकी निघाली. उद्या ठरलेलं लग्न निघेल, मारहाण निघेल, त्याहून वाईट काही निघेल. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर होता, पण असं चित्र आलं तर आधी कुणाशी बोलायचं, मुलाला काय सांगायचं, हे ठरलेलं नव्हतं. असा उपक्रम घेणाऱ्या शाळेने चादरी फाडायच्या आधी हे ठरवावं.

भूरीबाईंची गोष्ट मधे न सांगता आधी सांगितली असती तर पावरा मुलांचा पहिला कागद कदाचित वारली नसता झाला. हा माझा अंदाज. मॅडमना तो पटत नाही. त्यांच्या मते मग मुलांनी भूरीबाईंसारखे ठिपके काढले असते.

मार्चमध्ये तालुका पातळीच्या एका प्रदर्शनासाठी मुख्याध्यापकांनी स्वतःहून शर्टाचं चित्र मागितलं. या वेळी मॅडमनी आधी मुलीला विचारलं. ती नाही म्हणाली. विळ्याचं आणि टेपचं चित्र गेलं.